रिकाम्या पोटाचा नगारा : डबल ड्रमर सिकाडा एवढा मोठा आवाज कसा काढतो?

२०२४ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत अमेरिकेतील सिकाडा या कीटकांनी जगभरच्या बातम्यांत जागा मिळवली. दर १३ वर्षांनी जमिनीतून वर येणारा त्यांचा एक समूह आणि दर १७ वर्षांनी येणारा दुसरा समूह त्या वर्षी एकाच वेळी बाहेर पडले. हे दोन समूह यापूर्वी एकत्र आले होते ते १८०३ मध्ये आणि पुन्हा येतील ते २२४५ मध्ये, कारण १३ आणि १७ यांचा गुणाकार २२१ होतो. या बातम्या वाचून अनेकांचे दोन समज पक्के झाले. सगळे सिकाडा असेच ठरावीक वर्षांच्या अंतराने येतात हा पहिला समज, आणि कीटकांमधला सर्वांत मोठा आवाज या अमेरिकी सिकाडांचाच असतो हा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

योगायोग असा की, ज्या १८०३ साली हे दोन समूह मागच्या वेळी एकत्र आले, त्याच साली डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिस्तियन फाब्रिसियस यांनी ऑस्ट्रेलियातील एका सिकाडाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव थोफा सक्काटा असे आहे, ऑस्ट्रेलियात मात्र सगळे त्याला ‘डबल ड्रमर’ म्हणतात. शरीराची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर, पंख पसरले तर रुंदी १२ सेंटिमीटरहून अधिक, रंग तपकिरी आणि त्यावर काळी नक्षी असा हा ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठा सिकाडा आहे. एवढासा प्राणी जवळ उभ्या असलेल्या माणसाला कान झाकायला लावतो, तो नेमका कसा, हे या लेखात पाहू.

सिकाडा म्हणजे रातकिडा नव्हे

आपल्याकडे किर्र आवाज करणाऱ्या कोणत्याही किड्याला सरसकट रातकिडा म्हणण्याची सवय आहे, त्यामुळे हा खुलासा आधी केलेला बरा. रातकिडा पुढचे पंख एकमेकांवर घासून आवाज काढतो, नाकतोड्यांच्या अनेक जाती मागचा पाय पंखावर घासतात. सिकाडा यांपैकी काहीच करत नाही आणि तो त्यांच्या कुळातलाही नाही. त्याचे खरे भाऊबंद म्हणजे मावा, तुडतुडे आणि ढेकूण. या सर्वांची खूण अशी की त्यांना चावण्याचा जबडा नसतो, टोचून रस ओढणारी सोंड असते. इंग्रज वसाहतवाल्यांनी अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात सिकाडाला ‘टोळ’ म्हणण्याचा घोळ घातला होता. टोळ पिके कुरतडून फस्त करतात; सिकाडाला मात्र पानाचा एक तुकडाही तोडता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील मुलांनी या घोळाची भरपाई फार सुंदर नावांनी केली आहे. ग्रीनग्रोसर, यलो मन्डे, ब्लॅक प्रिन्स, फ्लोरी बेकर, चेरीनोज ही सगळी तिथल्या वेगवेगळ्या सिकाडांची रोजच्या वापरातली नावे आहेत. डबल ड्रमर हे नाव मात्र नुसते गमतीचे नाही. नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना तांबूस तपकिरी रंगाच्या दोन फुगीर पिशव्या असतात आणि त्या खरोखरच जोडीने बांधलेल्या दोन वाद्यांसारख्या दिसतात. मराठीत त्याला ‘संबळ’ म्हटले असते तर चालले असते. शास्त्रीय नावातील ‘सक्काटा’ या शब्दाचा अर्थही ‘पिशवी असलेला’ असाच आहे. मादीला या पिशव्या नसतात, आणि नराचे ते प्रसिद्ध गाणेही तिच्याकडे नसते.

डेसिबलचे आकडे जपून वाचावेत

डबल ड्रमरचा आणि त्याच्याच देशातील ग्रीनग्रोसरचा आवाज जवळून १२० डेसिबलहून अधिक भरतो, असे सांगितले जाते. एवढ्या पातळीवर माणसाच्या कानाला वेदना होऊ लागतात. हा आकडा छापून आला की त्यासोबत विमानाच्या इंजिनाची तुलना हमखास येते आणि वाचक बुचकळ्यात पडतो, म्हणून डेसिबल हे माप थोडे समजून घेऊ.

किलो किंवा मीटर हे माप सरळ वाढते, डेसिबल तसे वाढत नाही. त्यात १० ची भर पडली म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट झाली. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. १२० डेसिबल म्हणजे त्याच्या दुप्पट नव्हे, तर तीव्रतेच्या हिशेबाने दहा लाखपट. आपला कान ही वाढ बरीच दाबून घेतो आणि साधारण दर १० डेसिबलला आवाज ‘दुप्पट’ झाल्यासारखा वाटतो, म्हणून निसर्गातील हे प्रचंड आकडे आपल्याला सोसवतात.

दुसरी बाब अंतराची आहे, आणि ती बहुतेक बातम्यांतून गळून जाते. दिव्यापासून दूर गेल्यावर उजेड कमी होतो तसाच मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि दहापट झाले की २० डेसिबलने. म्हणून कोणता आवाज किती अंतरावरून मोजला हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ उरत नाही. आफ्रिकेतील ब्रेव्हिसाना ब्रेव्हिस या सिकाडाच्या नावावर ५० सेंटिमीटर अंतरावर १०६.७ डेसिबल अशी नोंद आहे आणि तोच सर्वांत मोठ्या आवाजाचा कीटक असल्याचे अनेकदा सांगितले जाते. १२० च्या तुलनेत हा आकडा लहान दिसतो. पण तोच आवाज १० सेंटिमीटरवर मोजला असता, तर या हिशेबाने तो १२० च्या किंचित वर गेला असता. तेव्हा ‘पहिला क्रमांक कोणाचा’ हा वाद माझ्या मते फारसा महत्त्वाचा नाही. त्याहून रंजक गोष्ट अशी की हे दोन कीटक दोन वेगवेगळ्या खंडांत राहूनही जवळजवळ एकाच पातळीला पोहोचले आहेत.

आवाज निघतो कुठून?

सिकाडाचा आवाज तोंडातून निघत नाही. नराच्या पोटाच्या अगदी पहिल्या भागात, डाव्या आणि उजव्या बाजूला, कडक आवरणाचा एकेक पातळ, बाहेर फुगलेला पडदा असतो. त्याला टिंबल म्हणतात. या पडद्यावर फासळ्यांसारख्या उभ्या कडक पट्ट्या असतात आणि आतून एक जाड स्नायू त्याला जोडलेला असतो. स्नायू आकसला की टिंबल आत दबते आणि त्यावरील पट्ट्या एकामागून एक टकटक वाकतात. स्नायू सैल झाला की टिंबल स्वतःच्या लवचिकपणामुळे पुन्हा बाहेर येते. पत्र्याच्या डब्याचे पातळ, मध्ये फुगीर झाकण अंगठ्याने दाबल्यावर ‘टक्’ असा आवाज येतो आणि सोडल्यावर पुन्हा येतो, तोच हा प्रकार. अठराव्या शतकात रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने मेलेल्या सिकाडाचा हा स्नायू ओढून त्याला ‘गायला’ लावले होते, म्हणजे ही यंत्रणा किती निव्वळ यांत्रिक आहे याची खात्री जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच पटली होती.

या ‘टक्’मध्ये एक युक्ती दडलेली आहे. चुटकी वाजवताना आपण बोट अंगठ्यावर दाबून धरतो, जोर साठू देतो आणि मग तो एका क्षणात सोडून देतो. हाताचा स्नायू एवढ्या वेगाने कधीच हलू शकला नसता, पण साठवलेला जोर हलू शकतो. टिंबलही स्नायूचा तुलनेने संथ जोर साठवते आणि पट्टी वाकण्याच्या क्षणी तो एकदम मोकळा करते. ग्रीनग्रोसर या सिकाडाचा या दृष्टीने फार बारकाईने अभ्यास झाला आहे. त्याचे प्रत्येक टिंबल सेकंदाला सुमारे १२० वेळा दबते आणि डावे-उजवे आळीपाळीने चालते, त्यामुळे दर सेकंदाला सुमारे २४० ठोके पडतात. एवढ्या वेगाने पडणारे ठोके आपल्या कानाला वेगवेगळे ऐकू येणे शक्यच नसते, म्हणून आपल्याला एकच सलग, कर्कश सूर ऐकू येतो.

पोट पोकळ कशासाठी?

नुसत्या टकटकीने रान गाजत नाही. तंबोऱ्याची तार भोपळ्यावर न बसवता दोन खिळ्यांमध्ये ताणली तर ती जवळच्या माणसालाही नीट ऐकू येणार नाही. सिकाडाचा भोपळा म्हणजे त्याचे पोट. नराच्या पोटाचा बहुतेक भाग हवेने भरलेला असतो आणि पचनाचे अवयव एका कडेला दाटीवाटीने बसवलेले असतात. मादीच्या पोटात हीच जागा अंड्यांनी व्यापलेली असते. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण आपण माणसांना टोमणा मारण्यासाठी वापरतो. नर सिकाडाच्या बाबतीत मात्र ती शरीररचनेचे अचूक वर्णन ठरावी.

पोकळी आवाज वाढवते म्हणजे नेमके काय करते, हे रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यास कळते. बाटलीतील हवेचा स्वतःचा एक ठरलेला सूर असतो आणि फुंकर तो सूर जागा करते. सिकाडाच्या पोटातील हवेलाही असा सूर असतो आणि टिंबलाच्या पट्ट्या त्याच सुराच्या लयीत वाकतात. झोपाळा पुढे जाऊ लागतो नेमक्या त्या क्षणी दिलेला लहानसा धक्काही त्याला उंच नेतो, अवेळी दिलेला मोठा धक्का मात्र वाया जातो. इथे प्रत्येक धक्का वेळेवर बसतो, म्हणून थोड्या शक्तीत मोठा आवाज निघतो.

बाटलीला तोंड असते, तसे या पोटाला कोणते? मेलबर्नचे डेव्हिड यंग आणि ऑक्सफर्डचे हेन्री बेनेट-क्लार्क यांनी १९९० च्या दशकात ग्रीनग्रोसरवर केलेल्या कामातून याचे जे उत्तर पुढे आले ते चमत्कारिक आहे. आवाज बाहेर पडतो तो प्रामुख्याने सिकाडाच्या कानांच्या पडद्यांमधून. त्याचे कान पोटाच्या खालच्या बाजूला असतात आणि त्यांचे पडदे मोठे व अतिशय पातळ असतात. त्यांच्यावर झडपांसारखी दोन झाकणे असतात आणि पोट थोडे उचलले की मधली फट उघडते. ज्या अवयवाने आपण ऐकतो त्याच अवयवातून ओरडणारा दुसरा प्राणी मला तरी सुचत नाही.

ग्रीनग्रोसरचा सूर सेकंदाला सुमारे ४,३०० कंपनांचा असतो. पियानोची सर्वांत वरची पट्टी याच्या अगदी जवळ आहे. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून या आवाजाची तीव्रता मुळातच मोठी असली तरी तो आपल्याला जेवढा टोचतो त्याचा काही दोष आपल्या कानांच्या घडणीकडेही जातो. डबल ड्रमरकडे याच मूळ यंत्रणेवर त्या दोन फुगीर पिशव्यांची भर आहे. त्या टिंबलांना बाहेरून झाकतात आणि आवाज अधिक मोठा करण्यास मदत करतात.

मग तो स्वतः बहिरा कसा होत नाही?

हा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेलच, कारण आवाज कानातूनच जात असेल तर पहिला बळी गाणाऱ्याचाच जायला हवा. सिकाडाच्या कानाच्या पडद्याला एक लहान स्नायू जोडलेला असतो. तो गाताना आकसतो आणि पडद्याचा ताण सैल करतो. सैल पडलेल्या डफावर थाप मारली तर तो जसा नीट वाजत नाही, तसा हा पडदाही त्या अवस्थेत आवाज नीट पकडत नाही. थोडक्यात, गाताना सिकाडा जवळजवळ कान बंद करून घेतो, आणि गाणे थांबवले की शेजाऱ्यांचे ऐकतो.

इतका गोंगाट केला तर पक्षी खाऊन टाकणार नाहीत का?

खातात, आणि भरपूर खातात. तरीही नर ओरडतो, कारण प्रौढ म्हणून त्याच्या हाती काही आठवडेच असतात आणि मादीने त्याला शोधले नाही तर जमिनीखाली काढलेली सगळी वर्षे फुकट जातात. प्रत्येक जातीचा सूर आणि लय निराळी असते, त्यामुळे एकाच रानात अनेक जाती गात असल्या तरी मादी आपल्या जातीच्या नराकडेच जाते. डबल ड्रमर दिवसाच्या उन्हात गातो. स्नायू चांगले तापल्याशिवाय सेकंदाला शंभराहून अधिक वेळा आकसण्याचे काम त्यांना झेपत नाही, म्हणून ढगाळ, गार दिवशी रान बरेच शांत असते.

शेकडो नर एकाच वेळी गातात यातही संरक्षण आहे. एकट्या गायकाचा ठिकाणा लगेच लागतो; सगळीकडून सारखाच आवाज येत असेल तर कोणता नर कुठे बसला आहे हे कळणे कठीण होते. काही पक्षी तर या गोंगाटामुळे दूरच राहतात असे मानले जाते, कारण तो त्यांच्या कानांना त्रास देतो आणि त्यांच्या आपापसांतील हाकाही बुडवतो. आणि पक्षी आलेच, तरी त्यांच्या पोटाला मर्यादा असते, हजारोंच्या संख्येने बाहेर पडलेल्या सिकाडांना ते संपवू शकत नाहीत.

गोंगाटाला न जुमानणारा एक शत्रू मात्र आहे. एक्साइरस लॅटेरिशियस नावाची मोठी गांधीलमाशी झाडावरच्या सिकाडाला नांगी मारून लुळा करते. तो खाली पडतो. मग ती त्याच्यावर स्वार होते आणि मागच्या पायांनी जमिनीला रेटा देत त्याला आपल्या बिळाकडे ढकलत नेते, कधी कधी १०० मीटरपर्यंत. बिळात फडताळासारखे अनेक कप्पे असतात. त्यांत जिवंत पण हलू न शकणारे सिकाडा रचून ठेवले जातात आणि अंड्यातून निघालेली तिची अळी त्यांच्यावर वाढते. कधी संकट वेगळ्याच वाटेने येते. डबल ड्रमर समुद्राकडे उडत जातात आणि त्यांची मृत शरीरे किनाऱ्याला लागतात असे आढळले आहे. जानेवारी १९७९ मध्ये तर न्यू साउथ वेल्समधील ससेक्स इनलेटच्या किनाऱ्यापासून ८ किलोमीटर आत एका मच्छीमाराच्या बोटीभोवती त्यांचा थवा दिसला होता.

जमिनीखालची वर्षे

आपण ऐकतो ते सिकाडाच्या आयुष्याचे शेवटचे प्रकरण असते. मादी फांदीच्या सालीत चिरा पाडून अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्ले तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. ती खाली पडतात, जमिनीत शिरतात आणि मुळांना सोंड लावून अनेक वर्षे तिथेच राहतात. डबल ड्रमरच्या बाबतीत ही मुळे मुख्यतः निलगिरीच्या झाडांची असतात.

एवढा काळ लागण्याचे मोठे कारण त्यांच्या आहारात आहे. मुळांनी शोषलेले पाणी पानांपर्यंत नेणाऱ्या जलवाहिन्यांतील रस सिकाडा पितो, आणि या रसात पाण्याखेरीज जवळजवळ काहीच नसते. पानांतील साखर वाहून नेणाऱ्या नलिकांवर मावा जगतो, तो त्यामानाने मिठाईच खातो म्हणायचे. सिकाडाला रोजच्या गरजेपुरते पोषण मिळवण्यासाठी प्रचंड पाणी ओढावे लागते आणि तेवढेच टाकावे लागते. सिकाडांनी भरलेल्या झाडाखाली उभे राहिल्यास अंगावर तुषार पडतात ते याच कारणाने. शिवाय जलवाहिन्यांतील पाणी वरून ओढले जात असते, त्यामुळे ते आपोआप सोंडेत येत नाही, जोर लावून शोषावे लागते. सिकाडाचे तोंड पुढून फुगलेले दिसते, कारण तिथे या शोषपंपाचे स्नायू असतात. रसात जी आवश्यक द्रव्ये मिळत नाहीत ती सिकाडाच्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून असलेले सूक्ष्मजीव तयार करून देतात. अशा आहारावर वाढ संथ होणारच.

वाढ पूर्ण झालेले पिल्लू खोरण्यासारख्या पुढच्या पायांनी माती उकरत वर येते, खोडावर चढून घट्ट पकड घेते आणि पाठीवर उभी चीर पडून शेवटची कात टाकते. चुरगळलेले पंख शरीरातील द्रव भरून पसरतात आणि मग वाळून ताठ होतात. खोडाला चिकटलेले रिकामे कवच मागे राहते. डबल ड्रमरचा हा मोसम साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत चालतो. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांतील निलगिरीची राने हे त्याचे घर.

माणसांना आणि झाडांना धोका किती?

सिकाडा चावत नाही, त्याला विष नाही. हातावर बसलेल्या सिकाडाने फांदी समजून सोंड टोचली तर क्षणभर दुखेल, एवढेच. अंडी घालताना पडलेल्या चिरांमुळे कोवळ्या फांद्यांची टोके वाळू शकतात, परंतु मोठ्या झाडाला त्याने फारसा फरक पडत नाही.

कानांचा प्रश्न अंतराचा आणि संख्येचा आहे. समजा, एका नराचा आवाज २० सेंटिमीटरवर १०० डेसिबल आहे. तो २ मीटरवर ८० होईल आणि २० मीटरवर ६०, म्हणजे साध्या बोलण्याएवढा. पण तेवढ्याच अंतरावर असे १०० नर गात असतील तर त्यात २० ची भर पडेल आणि आकडा पुन्हा ८० वर जाईल. कामाच्या ठिकाणी रोज ८ तास सोसता येणारी मर्यादा सामान्यतः ८५ डेसिबल धरली जाते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होत जाते. त्यामुळे रानाच्या कडेला राहणाऱ्यांना डोके उठण्यापलीकडे सहसा काही होत नाही. गाणारा डबल ड्रमर मुठीत धरून कानाशी नेण्याचा उद्योग मात्र कोणीही करू नये.

पुढच्या वर्षी किती आवाज होईल, हे सांगता येते का?

अमेरिकेतील १३ आणि १७ वर्षांच्या समूहांबाबत येते, कारण तिथे एका भागातील सगळी पिल्ले एकाच वयाची असतात आणि एकाच वर्षी वर येतात. ही शिस्त मूठभर जातींपुरतीच आहे. डबल ड्रमर दर उन्हाळ्यात दिसतो. जमिनीखाली त्याच्या वेगवेगळ्या वर्षांच्या पिढ्या एकाच वेळी वाढत असतात आणि दर वर्षी एक पिढी पूर्ण होते. त्यातली एखादी पिढी मोठी निघते आणि त्या वर्षी रानात बोलणेही अशक्य होते, तर एखाद्या वर्षी जेमतेम चार-दोन नर ऐकू येतात. कोणत्या वर्षी किती येतील हे त्या पिढीची अंडी किती होती, किती पिल्ले मुळांपर्यंत पोहोचली आणि मधल्या वर्षांत किती बुरशीला व भक्षकांना बळी पडली यावर अवलंबून असते, आणि हा सगळा हिशेब मातीखाली चालतो. म्हणून एखादा उन्हाळा शांत गेला एवढ्यावरून सिकाडा संपले असे म्हणता येत नाही. अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच खरी घट आणि नेहमीचा चढउतार यांतला फरक दिसू लागतो.